मिस ग्विलियमच्या हातची काडतुसं

मिस हेस्टर ग्विलियम बहात्तर वर्षांच्या होईपर्यंत त्यांनी एकही बार काढला नव्हता. काडतुसं मात्र हजारांनी भरली होती.

त्यांच्या वडिलांचं, अमोसचं, आमच्या गावात लोखंडी सामानाचं दुकान होतं. वेल्सच्या हद्दीला टेकलेलं डोंगराळ गाव, त्यामुळे घरटी एक तरी दुनळी बंदूक असायचीच. तयार काडतुसं शहरात मिळायची, पण जुन्या बंदुकांना ती मानवत नसत. म्हणून अकरा वर्षांची असल्यापासून मागच्या खोलीत हेस्टर बसायची आणि हाताने भरायची. आधी दारू, मग पुठ्ठ्याची चकती, त्यावर लोकरीचा जाड नमदा, मग छर्रे, वर झाकण. कुणाच्या बंदुकीला किती दारू लागते, कुणाची बंदूक खांद्याला लाथ मारते, पाद्रीबाबांची डावी नळी कशी हट्टी आहे, सगळं तिला पाठ. पण बार काढू का म्हटलं की अमोस म्हणायचा, "भरणाऱ्या हाताने चाप ओढायचा नसतो." हा नियम त्याने कुठून आणला देव जाणे. पुढे बाप गेला, दुकान बंद झालं, नियम तेवढा राहिला.

मी हे सगळं सांगते आहे कारण दर ऑगस्टला गावाबाहेरच्या कुरणात जुन्या बंदुकांचा मेळा भरतो आणि तिथलं चहाचं टेबल माझ्याकडे असतं. शंभर-सव्वाशे वर्षांच्या बंदुका घेऊन लोक येतात आणि यंत्राने हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडतात. तबकडीला आम्ही कबूतरच म्हणतो. जुन्या पद्धतीच्या काळ्या दारूचा धूर इतका होतो की माझ्या केकलासुद्धा वास लागतो.

त्या वर्षी क्लेमेंट बेडोस पहिल्यांदा बंदूक घेऊन आला. हा आमचा निवृत्त पोस्टमन. माणूस मनाचा चांगला, पण जिभेला हाड नाही. एका शेतावर कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू म्हणून लावलेली बंदूक त्याने मागून आणली होती आणि दोन वर्षं खपून तिला नवं रूप दिलं होतं. लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्या, त्यांवर ओढ्याच्या पाण्यासारख्या लहरी, बाहेरच्या बाजूला चाप ओढला की आपटणारे दोन मोठे घोडे. बर्मिंगहॅमला तपासून घेऊन, काळ्या दारूपुरती सुरक्षित असा शिक्काही मिळवला होता. दोन वर्षं गावाने दुसरं काही ऐकलं नव्हतं.

आणि मेळ्यात? तीस कबुतरांतली तीसच्या तीस सुखरूप जमिनीवर उतरली.

"बेडोस, अरे हवा तरी फुटली का बघ!" कुणीतरी ओरडलं. लोक गवतावर लोळून हसत होते. बिचारा माझ्या टेबलापाशी येऊन तीन कप चहा प्यायला आणि एक शब्द बोलला नाही. पोस्टमन गप्प बसला हे पाहून मलाच काळजी वाटली.

दुसऱ्या आठवड्यात तो मिस ग्विलियमच्या दारात उभा राहिला. दुकानातले जुने छर्रे उरलेत का, एवढंच विचारायला. मी तिथेच बसले होते.

"छर्रे आहेत," त्या म्हणाल्या. "पण दारू किती घालतोस?"

"भरपूर! चुकतंय म्हटल्यावर थोडी वाढवली. तरी चुकलं, आणखी वाढवली."

"तरीच. दारू जास्त झाली की माणूस काय नि बंदूक काय, नेम जायचाच. चल, दाखव मला."

आम्ही तिघं त्याच्या परड्यात गेलो. त्यांनी भिंतीपुढे मोठा कागद टांगायला लावला आणि बेडोसला चाळीस पावलांवरून बार काढायला सांगितला. धूर विरल्यावर पाहतो तो कागदाच्या कडेला छर्ऱ्यांची भोकं आणि मधे मोठी रिकामी जागा.

"बघ," मिस ग्विलियम म्हणाल्या, "ह्यातून माझी मांजर शेपूट ताठ करून जाईल. कबुतराचं काय घेऊन बसलास! दारूच्या रेट्याने छर्रे पांगतात. ही बंदूक म्हातारी आहे रे, तिला चार घास कमी वाढ. आणि नमदा केवढासा घातलायस? दारू आणि छर्रे ह्यांच्यामधे जाड गादी हवी."

"पुस्तकात तर—"

"पुस्तकाने तुझी बंदूक पाहिली आहे का?"

त्यानंतर तीन आठवडे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीठ-साखरेऐवजी पितळेचं माप आणि काडतुसाचं तोंड दुमडायची दांडी दिसायला लागली. त्या भरायच्या, तो बार काढायचा, मग दोघं कागदावर वाकून भोकं मोजायची. दारू दर खेपेला चिमूटभर कमी. एकदा फारच कमी झाली आणि छर्रे पावसाच्या थेंबांसारखे कागदाखाली पडले. दोघांना एवढं हसू आलं की शेजारची बाई कुंपणापाशी येऊन बघून गेली. आम्ही मिस ग्विलियमना तसं हसताना कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी एका शनिवारी कागद असा भरला की कुठेही थाळीएवढी मोकळी जागा राहिली नाही. बेडोसने टोपी उडवली आणि ती नासपतीच्या झाडात अडकली.

सप्टेंबरच्या शेवटी धाकटा मेळा असतो. तिथे बेडोसने तीसपैकी एकवीस फोडली. पहिलं कबूतर फुटलं तेव्हा कुणी हसलं नाही. पाचवं फुटलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग त्याने काय करावं? बंदूक उघडून दोन काडतुसं घातली आणि सरळ माझ्या टेबलाशी आला. मिस ग्विलियम तिथे मला कप पुसून देत होत्या.

"चला, आता तुमची पाळी."

"मी? छे. बाबा म्हणायचे—"

"बाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली, मिस ग्विलियम. आणि त्यांचं तोंड एवढं चालत होतं तर ह्या बंदुकीला किती दारू हवी ते त्यांनीच सांगायचं होतं."

असं त्यांच्या वडिलांविषयी कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता कप फुटणार. त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं, ॲप्रन सोडला आणि त्याच्याबरोबर चालू लागल्या. टेबल तसंच टाकून मी मागोमाग. दस्ता खांद्याला कसा घट्ट धरायचा ते बेडोसने दाखवलं. पहिलं कबूतर उडालं, बार झाला, कबूतर आपल्या वाटेने गेलं. धुरातून त्यांचा आवाज आला, "अगंबाई! काय मजा आहे ही!"

दुसरं कबूतर उडालं आणि त्याची काळी भुकटी झाली.

मिस ग्विलियमनी चॅपलमध्ये न शोभणारा एक शब्द उच्चारला, तोही खणखणीत आवाजात. सबंध कुरण ओरडायला लागलं. मी रडत होते, का ते विचारू नका.

हिवाळ्यात त्यांनी स्वतःच्या बंदुकीसाठी परवान्याचा अर्ज केला. घर पाहायला एक तरुण हवालदार आला.

"बंदुकांशी किती वर्षांचा संबंध, मॅडम?"

"एकसष्ट."

"आणि बार किती काढलेत?"

"दोन. केक घे ना."

परवाना मिळाला. एक छोटी, हलकी, घोड्यांची दुनळी त्यांनी आणली, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत पाच परगण्यांतून लोक आपापल्या बंदुका घेऊन त्यांच्या टेबलाशी बसू लागले. "हिला काय मानवेल, मिस ग्विलियम?" मग त्या नळीतून उजेडाकडे पाहायच्या, बोट फिरवायच्या, आणि आधी ज्याची बंदूक त्याच्या आजोबांची चौकशी करायच्या.

त्या मेळ्यात बेडोसची चौदा कबुतरं फुटली, मिस ग्विलियमची अकरा. सफरचंदाच्या सायडरचा पेला उंच करून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "जिंकलो!"

"तुझी चौदा आणि माझी अकरा, म्हणजे माझी पंचवीस," मिस ग्विलियम म्हणाल्या. "काडतुसं कुणी भरली होती?"