उजव्या गालावरची रेघ

छापखान्यात त्यांना सगळे भिंगकाका म्हणायचे. गळ्यात काळ्या दोरीनं अडकवलेलं भिंग फक्त अंघोळीपुरतं उतरतं, अशी त्यांची थट्टा व्हायची. कुठलंही पोस्टर मशिनवर चढण्याआधी त्याचं प्रूफ काकांच्या टेबलासमोर लागायचं. ते आधी दारात उभं राहून बघायचे, मग जवळ येऊन, मग भिंगातून, आणि मगच कोपऱ्यात सही करायचे. ती सही दिसली की मालकसुद्धा पुन्हा बघायच्या भानगडीत पडत नसत.

त्यांची मुलगी एकोणिसाव्या वर्षी तिथेच रिटचिंगला लागली. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवायची आणि त्यावरचे धुळीचे ठिपके, ओरखडे बारीक कुंचल्यानं बुजवायचे, हे तिचं काम. हात बापाचाच उचललेला. "भिंगाची पोर आहे, केसाला केस जुळवेल," असं मशिनवाले म्हणायचे.

बाबांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "फोटो उलटा लागलाय की सुलटा, हे चेहऱ्यावरून ठरवू नकोस. चेहरा फसवतो. शर्टाची बटणं बघ. पुरुषाची बटणं त्याच्या उजव्या हाताला असतात."

त्याच सुमारास त्या बँडचं नाव सगळ्यांच्या तोंडी होऊ लागलं होतं. पुढे जगभर गाजले ते. तेव्हा नुसते गाजायला लागले होते. तिला गाणाऱ्याचं वेड होतं. पलंगाशेजारी त्याचा मासिकातला फोटो चिकटवलेला होता. उजव्या गालावर डोळ्याखालून ओठापर्यंत उतरलेली व्रणाची पुसट रेघ. लहानपणी कुंपणाच्या तारेनं गाल फाटला होता म्हणे. तिचा सगळा जीव त्या रेघेत. आई केर काढताना म्हणायची, "कुणीतरी याच्या गालाला मलम लावा गं. माझ्यानं बघवत नाही."

आणि एक दिवस त्याच बँडच्या दौऱ्याचं पोस्टर छापायला आलं. निगेटिव्ह तिच्या टेबलावर. डावा गाल अंधारात, उजव्या गालावर उजेड, आणि त्या उजेडात खालपर्यंत गेलेली एक रेघ. कुंचला हातात धरून ती कितीतरी वेळ बसली आणि मग तिनं कुंचला खाली ठेवला. बाकीचे सगळे ठिपके तिनं बुजवले. ती रेघ तशीच ठेवली.

बाबा प्रूफसमोर उभे राहिले. दारातूनच म्हणाले, "गालावर काय आहे?"

"व्रण आहे, बाबा. खराच आहे त्याला."

"मला ओरखडा वाटतोय."

"दोन वर्षं बघतेय मी त्याला. तुम्हाला माहीत नाही."

बाबा हसले. "बरं बाई. तुझा माणूस, तूच ओळखणार." आणि त्यांनी सही केली.

चौथ्या दिवशी बँडचा मॅनेजर तणतणत आला. निम्मी पोस्टरं भिंतींवर लागून गेली होती. "याच्या तोंडावर ओरखडा मारलाय तुम्ही. व्रण डाव्या गालावर आहे, उजव्या नाही," तो म्हणाला. मालकांनी तिला आणि बाबांना ऑफिसात बोलावलं. ती तोंड उघडणार इतक्यात बाबा म्हणाले, "माझी चूक. मला दिसला नाही. हल्ली डोळे साथ देत नाहीत."

त्याच दिवशी बाबांना नोकरीवरून काढलं. घरी जाताना ती म्हणाली, "मी उद्या सांगते मालकांना."

"म्हणजे तुझीही जाईल. मग घर कोण चालवणार? गप्प बस. तुझा हात तरुण आहे."

घरी आल्यावर तिनं पलंगाशेजारचा फोटो पाहिला. शर्टाची बटणं डाव्या हाताला होती. मासिकवाल्यांनी निगेटिव्ह उलटी लावली होती. दोन वर्षं ती त्या फोटोशेजारी झोपली, आणि एकदाही तिनं बटणांकडे पाहिलं नव्हतं.

छपाईच्या धंद्यात बातमी लपत नाही. भिंगकाकांचे डोळे गेले, हे आठवड्याभरात सगळ्या छापखान्यांत पसरलं. दारातून ठिपका ओळखणाऱ्या माणसाला कुणी दारात उभं करेना. शेवटी ते खोक्यांच्या कारखान्यात गठ्ठे बांधायला लागले. आणि एकदा डोळे गेले म्हटल्यावर ते गेलेलेच ठेवावे लागले. लग्नकार्यात कुणीतरी त्यांना हात धरून खुर्चीवर बसवायचं. मेहुणे पत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे. ते मान डोलवून ऐकायचे आणि सगळे गेल्यावर उभं राहून तेच पत्र स्वतः वाचायचे. भिंग कपाटाच्या खणात गेलं.

ती आधी घरासाठी गप्प बसली, मग सवयीनं, मग लाजेनं. बोलायची ती जागाच पुढे बुजून गेली. राग काढायला बँड होताच. त्यांचं गाणं लागलं की रेडिओ बंद. दुकानात वाजलं की सामान तसंच ठेवून बाहेर. नवरा लोकांना सांगायचा, "ड्रमनं हिचं डोकं दुखतं." तिच्या मुलीला पंधराव्या वर्षी नेमका तोच बँड आवडला, तेव्हा तिला वाटलं, हे कुणीतरी मुद्दाम करतंय. आजोबा मात्र नातीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बोटांनी ताल धरायचे. "पोरं बरी वाजवतात गं," असं तिच्याकडे न बघता म्हणायचे. त्यांनी एकदाही तिला दोष दिला नाही. ते गेले तेव्हाही लोक "नजर कमी होती बिचाऱ्यांची" असंच म्हणाले.

यंदा त्या दौऱ्याला चाळीस वर्षं झाली. म्हातारा गायक मुलाखतीत म्हणाला की सगळ्या पोस्टरांत त्याला ते उजव्या गालावर रेघ असलेलंच आवडतं. कुण्या अनाम कलाकारानं त्याचं दुःख ओळखलं होतं म्हणे. लगेच त्या पोस्टरची नवी प्रत निघाली आणि मुलीनं ती फ्रेम करून आणून बैठकीच्या खोलीत लावली.

"आई, हे तुमच्याच प्रेसमधलं ना? कुणी केलं असेल गं?"

"मी."

मुलीला आनंदाचं भरतं आलं. "अगं मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? आपण त्यांना लिहू. तुझं नाव येईल."

"आजोबांना का काढलं, माहीत आहे तुला?"

"डोळे गेले होते म्हणून. तूच सांगायचीस."

"त्यांचे डोळे शेवटपर्यंत ठणठणीत होते."

मग तिनं सगळं सांगितलं. मुलीनं बोटातली अंगठी फिरवली. "वाईट झालं," ती म्हणाली. "पण आई, यात बँडचा काय दोष?"

या प्रश्नाचं नसलेलं उत्तरच तिनं चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी कामावर गेल्यावर तिनं फ्रेम उतरवली, मागची पाठ काढली. खणातून जुना कुंचला आणि बाबांचं भिंग काढलं. रंग कालवायलाच तास गेला. मग ठिपक्याला ठिपका जोडत ती डोळ्यापासून ओठापर्यंत उतरली. रंग अजूनही ठरलेल्या जागीच पडत होता. काम झाल्यावर तिनं न चुकता बटणं पाहिली. उजव्या हाताला होती. उरला एका सुखवस्तू, गुळगुळीत पोराचा चेहरा. यात आपण काय पाहिलं होतं, हे तिला आठवेना.

संध्याकाळी मुलगी आली आणि पर्स हातातच धरून, पुन्हा भिंतीवर लावलेल्या पोस्टरसमोर थांबली. नाक काचेला टेकेल इतकी वाकली. रागावलेली होती, पण रेघ कुठे होती ते तिला सापडत नव्हतं.

"का केलंस हे?"

आई भिंगाची काळी दोरी गुंडाळत होती.

"कळतसुद्धा नाहीये," मुलगी चिडून म्हणाली. "कुणालाच कळणार नाही."

"आजोबांना कळलं असतं," ती म्हणाली. "दारातूनच."