आगेऱ्याची जुडी आणि ओल्या कचऱ्याचं मशीन

आमच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान एका गुरुवारी सकाळी गवत कापायच्या मशीनने कापून काढला. मशीन मीच मागवलेलं.

मान कसला, ते आधी सांगतो. घोडबंदर रोडला जे टॉवर दिसतात ना, त्यांच्या मधल्या फटीत आमचं गाव आहे. (गाव आधीचं, फट नंतरची.) गावात चर्च, चर्चसमोर मैदान, आणि आम्ही सगळे भात लावणारे ख्रिस्ती. म्हणजे लावणारे होतो, आता नुसते खाणारे उरलोय. ऑक्टोबरात आमचा आगेरा असतो. नव्या भाताची पहिली जुडी कापायची, बँड लावून चर्चला न्यायची, फादरनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडायचं आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की त्यातले चार-चार दाणे घरोघर न्यायचे, तांदळाच्या डब्यात टाकायला. गावचा खुरीस, म्हणजे जुना दगडी क्रूस, आमच्या शेतात होता. त्याच्या पायाशी भात सगळ्यांच्या आधी पिकायचं. म्हणून पहिली जुडी कापायचा आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालायचा मान आमचा, बाकीचे आपापल्या जुड्या घेऊन मागे. आजोबांनंतर तो पप्पांकडे आला. नियम एकच, जुडी स्वतःच्या जमिनीतली हवी.

आणि जमीन आम्ही विकली. सगळ्यांनी विकली, आम्ही काय वेगळं केलं नाही. बदल्यात फ्लॅट मिळाले. बिल्डरने कॉम्प्लेक्सला इंग्रजी नाव ठेवलंय, त्याचा अर्थ सोनेरी शेत. शेत होतं तेव्हा आम्ही त्याला नुसतं 'खालचं' म्हणायचो. पप्पांनी फक्त एका गोष्टीसाठी बिल्डरला सळो की पळो करून सोडलं: खुरीस हलवायचा नाही आणि त्याच्याभोवती दोन खाटा मावतील एवढी माती उघडी ठेवायची. तेवढी माती आता व्हिजिटर पार्किंग आणि ट्रान्सफॉर्मरच्या मध्ये आहे. त्या दोन खाटांवर पप्पा दरवर्षी भात लावतात.

आता भात म्हटलं की पाणी साचवावं लागतं. पाणी साचलं की सोसायटीची सेक्रेटरी मॅडम येते. मॅडम वाईट नाही, पण डेंग्यूवर तिचा फार जीव. दर पावसाळ्यात ती पप्पांना हात जोडून सांगायची की अंकल, इथे छानसं लॉन करू या. पप्पा तिला सांगायचे की बाई, ह्या मातीतले मच्छर आमच्या तीन पिढ्यांना चावलेत, ते तुम्हाला ओळखत पण नाहीत. मी ह्या दोघांच्या मध्ये. कारण मी कमिटी मेंबर! (कोणी उभं राहत नव्हतं म्हणून झालेलो. बायको म्हणते, तुला कुठेतरी निवडून यायचंच होतं.)

ह्या वर्षी भात मस्त आलेलं. लोंब्या भरलेल्या, पिवळ्या, माना खाली घातलेल्या. पप्पा संध्याकाळी खुर्ची टाकून त्यांच्यासमोर बसायचे. गुडघे गेलेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरने सांगितलंय की मिरवणुकीत चालायचं असेल तर हे शेवटचंच वर्ष समजा. तर पप्पांचं एकच मागणं होतं, ह्या वर्षी जुडी हातात घेऊन खुरसापासून वेदीपर्यंत चालत जायचं. बस. पुढे मान पास्कूकाकाला गेला तरी चालेल. पास्कूकाका म्हणजे पप्पांचा चुलतभाऊ. खाडीकडे त्याची एक पट्टी अजून शिल्लक आहे आणि आमच्या मानावर त्याचा डोळा त्याला मिसरूड फुटल्यापासून आहे.

पप्पांचा हा शेवटचा आगेरा थाटात व्हावा असं मला मनापासून वाटलं. आणि मला मनापासून काही वाटलं की घरात काहीतरी फुटतंच. मी सोसायटीच्या ॲपवर रिक्वेस्ट टाकली: 'रविवारी धार्मिक कार्यक्रम आहे. खुरसाभोवतीची जागा नीट साफ करून द्यावी. अर्जंट.' खाली ऐटीत लिहिलं, कमिटी मेंबर.

सोसायटीत एरवी गळका पाइप बघायला माणूस यायला महिना जातो. कमिटी मेंबरची रिक्वेस्ट म्हटल्यावर गुरुवारी सकाळीच गार्डनिंगच्या ठेकेदाराची दोन पोरं मशीन घेऊन हजर. त्यांनी जागा अशी साफ केली की विचारू नका. मला फोटोसुद्धा पाठवला, खाली अंगठा. मी ऑफिसातून उलटा अंगठा... नाही, सरळच पाठवला. फोटो नीट बघितलाच नव्हता.

रीटाचा फोन आला. रीटा म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "अंतोन, पप्पा खाली खुर्चीत बसलेत. समोर काहीच नाही."

मी ऑफिसातून निघालो. कसा पोचलो ते घोडबंदर रोडचा ट्रॅफिक जाणे. खाली पप्पा तसेच बसलेले. समोर बोटभर उंचीचे खुंट, एकदम एकसारखे, लॉनच म्हणा. मी सॉरी म्हणालो. पप्पांनी मान वर केली नाही. म्हणाले, "जमीन विकली तवा एवढं वाईट नाय वाटलं रे. तवा निदान सही तरी मी केलेली."

मला रडू फुटलं असतं, पण तेवढ्यात रीटाने विचारलं की कापलेलं गेलं कुठे? गार्डनिंगवाल्या पोरांनी अभिमानाने सांगितलं, कचरा ठेवला नाही साहेब, सगळा ओल्या कचऱ्याच्या मशीनमध्ये टाकला. आमच्या सोसायटीत ते मोठं मशीन आहे. वरून साडेतीनशे फ्लॅटचा ओला कचरा जातो, आत गरम होऊन घुसळला जातो, खालून खत येतं. त्याच्या उद्‌घाटनाला रिबन मी कापलेली. (कापायला दिलं की मी मागे हटत नाही.)

मशीन बंद करवलं आणि मी कमरेपर्यंत आत उतरलो. रीटा बाहेरून टॉर्च धरून. कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा, कोणाकडचं तरी बांगड्याचं डोकं, आणि मध्येच एखादी लोंबी. मी एक-एक लोंबी काढून रीटाकडे देत होतो आणि ती नाकाला ओढणी लावून माझ्या सगळ्या खानदानाबद्दल काय वाटतं ते सांगत होती. सेक्रेटरी मॅडम तेवढ्यात तिथून गेली. तिने मशीनमधून वर आलेलं माझं डोकं बघितलं आणि म्हणाली की कमिटी मेंबरने इतकं ग्राउंड लेव्हलला काम करताना तिने पहिल्यांदाच बघितलंय. ग्रुपवर फोटो टाकला. सत्तर लोकांनी टाळ्या पाठवल्या.

लोंब्या निघाल्या मूठभर. धुतल्या, रीटाच्या हेअर ड्रायरने वाळवल्या, जुडी बांधली. जुडी कसली, आजारी माणसाची दाढी म्हणा. आणि वास! अत्तर मारलं तर अत्तराचाही बांगडा झाला.

रीटा म्हणाली, कल्याणला जा. दसरा जवळ आलाय, फुलबाजारात तोरणाला लावायच्या भाताच्या लोंब्या ढिगाने येतात. मी शनिवारी पहाटे कल्याणला. झेंडूच्या डोंगरांमधून वाट काढत गेलो, तर खरंच एका मावशीकडे जुड्याच जुड्या, सोनेरी, भरगच्च, गुलाबी प्लॅस्टिकच्या सुतळीने बांधलेल्या. मी हात पुढे केला आणि त्याच जुडीवर दुसऱ्या बाजूने अजून एक हात पडला. बघतो तर पास्कूकाका.

दोघांनीही हात मागे घेतले. मग काका म्हणाला, "तोरणाला नेतोय."

मी म्हणालो, "मी पण."

आता आमच्या अख्ख्या गावात, चर्च उभं राहिल्यापासून, एकाही घराने दसऱ्याला तोरण लावलेलं नाही. तरी आम्ही दोघांनी एकमेकांचं निमूट ऐकून घेतलं, झेंडूचे भाव पण विचारले, आणि मावशीने आमच्या दोघांच्या पिशवीत आपट्याची पानं फुकट टाकली. जाताना काका हळूच म्हणाला की खाडीचं खारं पाणी पट्टीत शिरलं, यंदा काहीच आलं नाही, जोसफला बोलू नको. जोसफ म्हणजे पप्पा. मी नाही बोललो.

घरी आल्यावर माझी जुडी पप्पांसमोर ठेवली. त्यांनी हातात घेतली, एक दाणा दाताखाली फोडला, आणि परत दिली. म्हणाले, "दाणा चांगला हाय. पण हा मला वळखत नाय." रविवारी ती मूठभर दाढीच न्यायची असं ठरलं. वास आला तर आला.

रविवारी खुरसापाशी मिरवणूक जमायची, म्हणजे अख्खं गाव आमच्या गेटमधून आत यायचं. वॉचमन नवा. म्हणाला, ॲपवर एकेकाची परमिशन द्या. ॲपमध्ये आत येणाऱ्यांचे प्रकार चार: डिलिव्हरी, कॅब, कामवाली, पाहुणा. अख्खं गाव मी पाहुणा म्हणून आत घेतलं, त्यांच्याच बापजाद्यांच्या खुरसापाशी. बँडवाल्यांना डिलिव्हरीत टाकलं, कारण ढोल पार्सलसारखा दिसत होता. ह्यात अर्धा तास गेला. पप्पा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, जुडी छातीशी धरून उन्हात उभे.

पण चालले. गुडघ्यांनी काय सहन केलं ते गुडघ्यांना ठाऊक. सगळ्यांच्या पुढे पप्पा, मागे बँड, मागे गाव आणि गावाच्या हातात जुड्या. काय जुड्या होत्या! सोनेरी, भरगच्च. पास्कूकाकाची तर पोरासारखी खांद्यावर घेतलेली. लोक म्हणत होते, यंदा पीक छान आलंय हो सगळ्यांकडे.

चर्चच्या दारात नवे फादर उभे होते. तरुण, गोड माणूस, दुसऱ्या गावाहून नुकतेच आलेले. पप्पांनी जुडी पुढे केली. फादरनी ती घेतली, नाकाशी आली तशी मान थोडी मागे घेतली, परत बघितली. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "काका, ही आतून कुजल्यासारखी वाटते. आपण बाजूला ठेवू या का? वेदीवर ही मोठी ठेवतो." आणि त्यांनी पास्कूकाकाची जुडी घेतली.

मी पुढे होऊन बोलायला तोंड उघडलं. पण बोलणार काय? की फादर, कुजलेली तेवढीच खरी आहे? पास्कूकाका तर खाली फरशी बघत होता. ज्या मानासाठी त्याने अख्खा जन्म काढला तो मिळाला, आणि त्याला वर बघता येईना.

पप्पा बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांचं लक्ष लोकांच्या हातांकडे होतं. हळूच म्हणाले, "तू आणलेली जुडी, तिला सुतळी कसली व्हती?"

"गुलाबी, पप्पा."

पप्पांनी परत एकदा सगळ्या चर्चवरून नजर फिरवली. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत गुलाबी सुतळी.

"मंजे कल्याणला शेती बरी चाललीय," ते म्हणाले.

मला हसू आलं. पुढे मिस्सा झाली, दाणे वाटले, आम्हीही चार दाणे घरी आणले आणि डब्यात टाकले. पप्पांनी बाजूला ठेवलेली जुडी मागून घेतली. घरी येऊन दाणे सोडवले आणि वाटीत भिजत घातले, पुढच्या वर्षीच्या बियाण्याला उगवतायत का बघायला. रोज सकाळी उठून चष्मा लावून वाटी बघायचे. काही उगवलं नाही. मशीनमध्ये भाजून निघालेले ते, उगवणार कसे? मला हे दुसऱ्याच दिवशी कळलेलं. त्यांनाही कळलं असणार. तरी वाटी बघायचे.

इकडे मी आणलेली कल्याणची जुडी तशीच पडलेली. फेकवत नव्हती, म्हणून रीटाने मावशीची आपट्याची पानं लावून ती दारावर टांगली. आणि सोसायटीत दसऱ्याची दार सजावट स्पर्धा असते हे आम्ही पार विसरलेलो. सेक्रेटरी मॅडमने स्वतः येऊन निकाल सांगितला: पारंपरिक विभागात पहिला नंबर आमचा! दसऱ्याच्या तोरणाला, ख्रिश्चनांचा! बक्षीस म्हणून एक किलो तांदळाचं पाकीट, वर छापलेलं, थेट शेतकऱ्याच्या शेतातून. मला तर वाटलं, चला, कुठल्या का वाटेने, मान घरात परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा वाटी घेऊन बसलेले. मी ऑफिसला निघालेलो. त्यांना बरं वाटावं म्हणून (मनापासून!) पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, पप्पा, ते राहू द्या, हे पेरून बघा, चांगल्या कंपनीचं आहे.

पप्पांनी पाकीट उलटसुलट केलं. मग माझ्याकडे बघितलं. इस्त्रीचा शर्ट, बूट, गळ्यात ऑफिसचं कार्ड, सगळं सावकाश वरपासून खालपर्यंत.

"हा पॉलिश केलेला हाय, अंतोन. वरून चकाचक दिसतो," ते म्हणाले. "उगवत नाय."

मी गळ्यातलं कार्ड सरळ केलं आणि ऑफिसला गेलो.