वॉशिंग्टनच्या पायऱ्यांवर अनवाणी

मैत्रिणींनो, आत्ताच वॉशिंग्टन फिरून अ‍ॅशबर्नला घरी परतलोय. आमची सहल म्हणजे घरचा डबा आणि तिकीट नसलेली ठिकाणं!

गुलामगिरी संपवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या स्मारकात गेलो. उंच पायऱ्या, खांब, आत भली मोठी बसलेली मूर्ती. माझ्या चपला पायातून कधी निघाल्या, कळलंच नाही. हातही जोडले गेले.

माझी बारा वर्षांची रेवा लाजेने लाल. "आई, प्लीज! इट्स नॉट अ मंदिर!" आमचे हे लगेच दुसरीकडे फोटो काढायला लागले.

तेवढ्यात एका कृष्णवर्णीय आजींनी विचारलं, अनवाणी का? रेवा उत्तर द्यायच्या आत मीच माझं मॅट्रिकचं इंग्लिश काढलं. "ही गेव्ह फ्रीडम. व्हेरी बिग मॅन. सो, नो शूज."

आजींनी माझा हात धरला. त्यांची पणजी गुलाम होती म्हणे. मग रेवाला म्हणाल्या, "युवर मदर नोज व्हेअर शी इज."

घरी येताना रेवाने ह्यांच्या मोबाइलवरून मैत्रिणीला सगळं सांगितलं. "माय मॉम" म्हणताना आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

मुलांना लाज वाटते म्हणून तुम्ही कुठली सवय सोडलीत का गं? मी सोडणार नाही.