नव्या सेटवरची घोंगडी

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला हे ठाऊक नाही. वडील गेले, त्यांनाही कळलं नाही—त्यांना तर मी मुद्दाम कळू दिलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, बहुधा म्हणूनच.

आम्ही पालमकडचे, मेंढरं राखणारे. निजामाचं राज्य गेलं, आमच्या भागातली पोरं पलटणीत भरती व्हायला लागली, तसा मीही गेलो. तिथं सोनपेठचा गंगाधर भेटला. थोड्याशा कोरडवाहू रानावर वाढलेला, कुणाचाही भार पटकन उचलणारा. एकाच मुलखाचे म्हणून आम्ही एका ताटात जेवायचो.

तेव्हा पायदळाचं सगळं बदलायला लागलं होतं. शिट्टी, झेंडी आणि निरोप घेऊन धावणारा शिपाई, यांच्या जागी पाठीवर घ्यायचा बिनतारी सेट आला. साहेब म्हणायचे, उद्याचा शिपाई असाच लढणार. आणि तो सेट चालवायला आम्हा दोघांना निवडलं. मला काय चढली होती म्हणून सांगू. पलटणीत ‘मेंढक्या’ म्हणून चिडवणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून मी उद्याचा शिपाई झालो होतो.

सेटची परीक्षा नेमकी आमच्याच जिल्ह्यात ठरली, देवगाव फाट्यापलीकडच्या माळावर. वडिलांना कळलं तसे ते नवी घोंगडी खांद्यावर टाकून भेटायला आले. चिंचोक्याची खळ दिलेली, पुठ्ठ्यासारखी ताठ. म्हणाले, “खळ ताजी हाय, पाण्याचा थेंब आत जायचा न्हाई. पर भुईवर नगं ठिवू, दोरीवर टाकत जा.” का, ते त्यांनी सांगितलं नाही. खळीच्या वासावर उंदीर येतात, हे आमच्यात लहान लेकरालाही ठाऊक असतं.

संध्याकाळी अवकाळी भुरभुर सुरू झाली. गंगाधरला ताप भरला होता, म्हणून त्याचा सेट मी माझ्या तंबूत आणला. वरचं कॅनव्हासचं आवरण मला काही भरवशाचं वाटेना. मी सेटला घोंगडी गुंडाळली—आणि तंबूत दोरी कुठली?—तसाच सेट भुईवर ठेवून झोपलो.

सकाळी घोंगडीचा कोपरा कुरतडलेला. आणि तोंडाशी धरून बोलायच्या यंत्राची वायर—तिचं रबर सोलून आतली तार उघडी पडली होती. तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं? परीक्षा पुढं ढकलली असती. मला हसले असते. बस, एवढंच. पण सरकारच्या नव्या यंत्राला मेंढक्याची घोंगडी, आणि तिच्यापायी उंदीर—ते हसणं मला सोसणार नव्हतं. घोंगडीच्या दशांची लोकर काढून मी वायर घट्ट बांधली, वरून चिखल फासला. बोलून पाहिलं, आवाज गेला. गंगाधरचा ताप उतरला होता. सेट मीच त्याच्या पाठीवर चढवला, पट्टेही मीच आवळले.

परीक्षा साधी होती. मागून उखळी तोफा समोरच्या टेकाडावर मारा करणार, त्या आडोशानं कंपनी पुढं सरकणार. टेकाडाजवळ पोहोचली की गंगाधर सेटवरून ‘थांबा’ म्हणणार आणि तोफा थांबणार. मी तोफांपाशी, दुसऱ्या सेटला कान लावून.

धूळ इतकी उठली की पुढचं काही दिसेना. गंगाधरचा आवाज आला, अर्धाच. मग नुसती खरखर. पुन्हा एक तुकडा, पुन्हा खरखर. शेजारी तोफेवरच्या हवालदारानं विचारलं, “सेट ठीक है ना?”

इथं मी थांबतो—मनातल्या मनात दर वेळी इथंच थांबत आलोय.

मला ठाऊक होतं. त्या माळावर एवढ्या माणसांत एकट्या मला ठाऊक होतं. एक ‘नाही’ म्हणायचं होतं, तोफा तिथंच थांबल्या असत्या, एवढंच ना? मी म्हणालो, “ठीक है.”

पुढचा गोळा कंपनीच्या कडेला पडला. कुणी मेलं नाही. गंगाधरच्या डाव्या कानातून रक्त वाहत होतं, तो कान कायमचा गेला. मी धावलो. सगळ्यांना वाटलं, मित्राला उचलायला धावला. मी आधी वायरीवरची लोकर तोडून खिशात घातली—मग त्याला उचललं.

चौकशीत त्यानं आपणहून सांगितलं की बाभळीच्या कुंपणातून घुसताना वायर ओढली गेली असावी. निष्काळजी ठरवून त्याला घरी पाठवलं. मला नव्या पोरांना सेट शिकवायला ठेवलं. वायर रोज तपासत जा, असं मी त्यांना दरडावून सांगायचो. लाज वाटत नव्हती का? वाटायची की. तरी दरडावायचोच.

काही वर्षांनी सुट्टीवर आलो तेव्हा तो सोनपेठच्या बाजारात भेटला. पालमला बहिणीकडं निघाला होता, एकाच बसमध्ये बसलो. म्हणाला, “आजून झोप लागंना बघ मला. माझ्यापायी लोकं मेली असती. तू सेट चांगला बांधून दिलतास, मीच घाई केली.”

मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. उजवीकडंही जागा होती. बाजू मी निवडली होती. गाडी खडखडत निघाली तसं मी सगळं बोललो—घोंगडी, उंदीर, लोकर, ‘ठीक है’—सगळं, त्या गेलेल्या कानाशी. माझे ओठ हललेले तेवढे त्याला दिसले.

“काय म्हणायलास? ह्या कानाकडं ये की,” म्हणत त्यानं सरकून जागा केली.

मी उठून उजवीकडं बसलो. म्हणालो, “लय धूळ हाय म्हणलं रस्त्याला.”

तो हसला. पुढं काही वर्षांनी गेला, चूक आपली होती असंच मानून. ती माझी होती.