आडवी काठी

रविवारी शर्यत असली की शनिवारी संध्याकाळी दाजींची मोटरसायकल सोलायचं काम माझ्याकडे असायचं. आधी मागचं कॅरियर काढायचं, मग आरसे, मग इंडिकेटर आणि शेवटी साइड स्टँड. प्रत्येकाचे नटबोल्ट वेगळ्या डबीत आणि डबीवर चिठ्ठी. सोमवारी सकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने परत बसवायचं, कारण सोमवारी त्या गाडीला मेंढरांमागे जायचं असायचं आणि कॅरियरवरच्या खोक्यात बसून दमलेली कोकरं घरी यायची असायची.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. येलदरीच्या धरणाजवळ त्यांचं गाव, थोडी शेती आणि बरीच मेंढरं. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, जिंतूरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात काम करते. भाची गाडी शिकली ती मेंढरांमागे, मुरमाड उतारांवर, जिथे रस्ता असा काही नसतोच. एकदा जिंतूरच्या एका मेकॅनिकने तिला ओढ्यातून गाडी वर काढताना पाहिलं आणि सांगितलं, की जिल्ह्यात मोटरसायकलवाल्यांचा एक क्लब आहे, दरवर्षी मातीच्या ट्रॅकवर शर्यती घेतो, नवख्यांचा गट वेगळा असतो. तिने त्याच आठवड्यात नाव घातलं.

सोबत कुणीतरी मोठं माणूस हवं, असा क्लबचा नियम. आक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, धुळीचा त्रास, दाजींना मेंढरं, माझ्या नवऱ्याला रविवारची झोप. राहिले मी. मला कामाचा कंटाळा नाही, फक्त काम नीट मांडलेलं लागतं. मी एक पिशवी तयार केली: पाने, क्लचची जादा वायर, पाणी, चिकटपट्टी, गुळाची दशमी, फडकी.

नवख्यांच्या गटाच्या हंगामात चार शर्यती. चारही शर्यतींचे गुण एकत्र करून पहिले तीन ठरणार आणि त्या तिघांना पुढचं वर्षभर क्लबची शर्यतीची गाडी वापरायला मिळणार. आमचं सगळं या तीनच्या आकड्यावर अडलेलं होतं. दाजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

“यंदा माझी गाडी ने. पुढल्या साली न्हाई. रविवार हाय म्हणून मेंढरं उपाशी ऱ्हात न्हाईत, आन् मी लय चालायलोय आता.”

म्हणजे पहिल्या तिघांत आली तर पुढे शर्यत, नाहीतर संपलं. घरात कुणीही आवाज न चढवता हे ठरलं आणि भाचीनेही वाद घातला नाही. दाजी खरंच शर्यतीच्या रविवारी पायी हिंडायचे.

पहिली शर्यत परभणीबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर झाली. आधी गाड्यांची तपासणी. तपासणाऱ्याने वाकून चेनपाशी बोट घातलं आणि लोकरीचा एक गोळा बाहेर काढला. मग टूलबॉक्स उघडला, तर त्यात सुकलेल्या लेंड्या.

“ताई, ही गाडी पेट्रोलवर चालते ना?” त्याने विचारलं.

आजूबाजूची पोरं खिदळली. भाची शांतपणे म्हणाली, “उतारावर नाही लागत पेट्रोल.” मी पिशवीतल्या सामानात ब्रशची भर घालायचं ठरवलं.

शर्यत सुरू झाली आणि माझा ऊर भरून आला. पहिल्या फेरीत पोरगी दुसऱ्या नंबरवर होती. उभी राहून, गुडघे मोकळे ठेवून अशी चालवत होती, की गाडीला तिच्याखाली हवं तेवढं नाचता यावं. पण प्रत्येक वळणावर एक विचित्र गोष्ट व्हायची. ती मान वळवून मागे बघायची. बघितलं की हात किंचित सैल व्हायचा आणि एकजण पुढे जायचा. शेवटी सहावी आली.

“मागं काय बघत होतीस गं?” मी पाणी देत विचारलं.

तिने जरा विचार केला. “सगळे येयलेत का नाही ते.”

“कोण सगळे?”

“मागचे,” ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. “मावशी, मला कळलंच नाही मी बघायलेय ते.”

हा दोष मला दुसऱ्या कुणाच्या पोरात दिसला नसता. लहानपणापासून ती कळपाच्या पुढे चालत आली आहे. पुढे चालणाऱ्याचं कामच हे, की वळण आलं की मागे वळून बघायचं: कळप फुटला का, कोकरू मागे राहिलं का, कुणाच्या ज्वारीत तोंड घातलं का. वळण आणि मागे बघणं या तिच्यासाठी दोन गोष्टी नव्हत्याच.

दोष कळला की उपाय करता येतो, असं मी मानते. दुसरी शर्यत राणीसावरगावकडच्या उतारावर होती. मी ऑफिसातून एक पुठ्ठ्याचा मोठा फलक आणला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: मागे बघू नये. वळणावर हात सैल सोडू नये. मागच्यांची काळजी मी घेते आहे. श्वास घ्यावा. वळणाच्या आतल्या बाजूला फलक धरून उभी राहिले. ती प्रत्येक फेरीत माझ्यासमोरून गेली आणि प्रत्येक फेरीत तिने मागे बघितलं. पाचवी आली.

“फलक वाचला नाहीस?”

“वाचायला थांबावं लागलं असतं, मावशी. नोटीस बोर्ड केलाय का काय तू? ‘श्वास घ्यावा’ एवढंच वाचलं मी.”

“मग घेतलास का?”

“हसायलते. श्वास कुठनं घेणार?”

परतताना एका हॉटेलात भजी खायला थांबलो. भाचीने खाता खाता एकदम विचारलं, “आप्पांची काठी आणायची का?”

मला आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं. मेंढरं नेताना ती पुढे आणि तिचे आप्पा, म्हणजे आमचे दाजी, कळपाच्या शेवटी असतात. आप्पांनी काठी खांद्यावर आडवी टाकून दोन्ही हात तिच्यावर अडकवले, की मागे सगळं बरं आहे, चालत राहा. मग ती मेंढरं मोजत बसत नाही, एक ओझरती नजर पुरते. काठी उभी वर धरली, की काहीतरी बिनसलंय.

“तू वळणावर उभी राहतेस ना, मी तिकडं बघतच असते. फलकाऐवजी काठी धर. आडवी म्हणजे मागं कुणी जवळ नाही. उभी म्हणजे कुणीतरी चिकटलंय. मला मागं बघायची गरजच नाही. मागं तू आहेस.”

फलकावरच्या चार ओळींपेक्षा हे पुष्कळ सुटसुटीत होतं. काठी पिशवीत मावत नव्हती, म्हणून गाडीला सुतळीने बांधली.

तिसरी शर्यत येलदरीच्या जवळच झाली. तिथे ती घरच्यासारखी सुटली. मी काठी आडवी धरली, ती बघायची आणि जायची, मान सरळ. दुसऱ्या नंबरवर होती. शेवटच्या फेरीत सेलूकडचा एक उंच मुलगा, निळ्या हेल्मेटचा, तिच्या मागच्या चाकाजवळ आला. ठरल्याप्रमाणे मी काठी उभी केली. आणि पोरीने गाडी जवळजवळ थांबवली! मान पूर्ण मागे वळवली, गाडी वळणाबाहेर गेली, निळं हेल्मेट आतून निघून गेलं. ती तिसरी आली.

“आप्पा काठी उभी करतात तेव्हा मी थांबते,” ती वैतागून म्हणाली. “ते अंगातच आहे. ठरवून काय उपयोग?”

तीन शर्यती संपल्या तेव्हा पहिले दोघं गुणांत बरेच पुढे निघून गेले होते. तिसऱ्या जागेसाठी भाची आणि निळं हेल्मेट अगदी बरोबरीत होते. बाकी कुणी जवळपास नव्हतं. म्हणजे शेवटच्या शर्यतीत दोघांपैकी जो पुढे, त्याला क्लबची गाडी. इतका सोपा हिशोब माझ्या ऑफिसात कधी आला नाही.

शेवटची शर्यत देवगाव फाट्याजवळ. त्या दिवशी दाजी आले. मेंढरं चुलतभावाकडे सोडून, इस्त्रीचा सदरा घालून, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आले आणि सरळ माझ्या शेजारी वळणावर येऊन उभे राहिले. माझ्या हातातल्या काठीकडे त्यांनी बघितलं.

“असं धरतेत व्हय? पाण्याची कावड हाय का ती? हात वरून टाक.”

मी हात वरून टाकले. पलीकडे निळ्या हेल्मेटची आई डबा घेऊन बसली होती. भली बाई, हंगामभर आम्ही एकमेकींचा चिवडा खाल्ला होता. तिने विचारलं, “ताई, दरवेळी काठी कशाला आणता?”

“कुत्री फार आहेत,” मी म्हणाले.

झेंडा पडला. टँकरने पाणी मारलेलं होतं, तरी दुसऱ्या फेरीपर्यंत धूळ उठली. पहिले दोघं ठरल्यासारखे पुढे गेले. तिसरी भाची, तिच्या मागे बरंच अंतर ठेवून निळं हेल्मेट. काठी आडवी. भाची बघायची, जायची. गाडी समोरून गेली की दाजींचं डोकं तिच्याबरोबर फिरायचं.

“पोरगी बरी चालवायलीय की,” एकदा पुटपुटले. मग लगेच, “क्लच लय दाबायलीय. माझाच क्लच हाय.”

मग निळं हेल्मेट जवळ यायला लागलं. प्रत्येक फेरीत थोडं थोडं. शेवटच्या फेरीत दोघं माझ्या वळणाकडे आले, तेव्हा त्याचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाला लागेल इतकं जवळ होतं.

“उभी कर!” दाजी ओरडले. “अगं उभी धर काठी, पोरगं चिकटलंय!”

नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. मी नियम मोडणाऱ्यांतली नाही. आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. पण काठी उभी झाली की ही पोरगी थांबते, हे मी येलदरीला बघितलं होतं. मी काठी खांद्यावरून हलू दिली नाही. उलट हात आणखी घट्ट अडकवले.

“आडवी काय धरलीस? ऐकू येईना का?” दाजींनी काठीचं एक टोक धरलं. मी दुसरं सोडेना. भाची आमच्याकडे बघत वळणात शिरली, तेव्हा आम्ही दोघं एका काठीला लोंबकळत होतो, पण काठी आडवी होती. तिने मान सरळ ठेवली, गाडी आतून काढली आणि गेली. निळं हेल्मेट तिच्या मागेच. पुढचं काही दिसलं नाही, नुसती धूळ. मग पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. पाठोपाठ क्लबवाल्याने भोंग्यातून तिसरा नंबर सांगितला, तो आमच्या पोरीचा. एका चाकाने.

मी उडी मारली. दाजींनी मारली नाही.

“काठी खोटी दाखवलीस,” ते म्हणाले.

“दाजी, पोरगी तिसरी आली.”

“आली गं. पर काठी खोटी दाखवत नसतेत. कळपात असं केलं असतंस तर दोन कोकरं गेली असती.”

“इथे कोकरं नव्हती.”

“मी कुठं म्हणलं व्हती म्हणून?” असं म्हणून त्यांनी काठी माझ्याकडून काढून घेतली आणि सदऱ्याच्या बाहीने पुसली.

भाची धुळीने भुरी होऊन आली. हेल्मेट काढताच पहिली माझ्याकडे वळली. “खोटारडी! तो माझ्या मागंच होता.”

“तुला कसं कळलं? बघितलंस?”

“बघायचं काय त्यात? त्याच्या गाडीचा आवाज माझ्या कानात घुसत होता.”

“मग काठी खोटी आहे हे कळलं होतं तर तुला.”

“कळलं होतं की.” ती घटाघटा पाणी प्यायली. “पण तू आडवी धरलीस ना. म्हणलं, मावशी बघून घेईल.”

मी काय बघून घेणार होते, देव जाणे. निळ्या हेल्मेटची आई मुलाची समजूत घालून आमच्याकडे आली, चिवड्याचा डबा पुढे केला आणि म्हणाली, “आता सांगा, ती काठी कसली?” मी सांगितलं. ती इतकी हसली, की चिवडा सांडला. तिचा मुलगा मात्र गंभीरपणे म्हणाला, “ह्याच्यावर नियम पाहिजे.”

क्लबची गाडी बघायला दाजी स्वतः गेले. दोनदा तिच्याभोवती फिरले. दिवा नाही, कॅरियर नाही, मागे बसायला सीट नाही. “निस्ती हाडं हायत,” म्हणाले. तरी जीपमध्ये चढायच्या आधी एकदा परत जाऊन त्यांनी तिच्या टाकीवर हात फिरवला, नव्या मेंढ्याच्या पाठीवर फिरवतात तसा.

सोमवारी मला सुट्टी होती. सकाळी कॅरियर, आरसे, इंडिकेटर, स्टँड सगळं दाजींच्या गाडीवर परत बसवलं, या वेळी पक्कं आवळून. डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून डब्या आक्काला मसाल्यासाठी दिल्या. मग मेंढरांबरोबर चालायला मीही गेले. भाची पुढे, मध्ये कळप, मागे दाजी आणि मी.

धरणाकडच्या वाटेवर पहिलं वळण आलं. दाजींनी काठी खांद्यावर आडवी टाकली, हात वरून. भाचीने वळून बघितलं. काठी दिसली, तरी तिची मान सरळ झाली नाही. ती थांबली, बोट उचललं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक मेंढरू मोजायला लागली.

दाजींनी माझ्याकडे बघितलं.

“बघ,” म्हणाले. “हे तुझ्या खोट्या काठीचं काम हाय.”

भाचीचं मोजून होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.