आधी नाव, मग काम

"निलोफर-बिलोफर आमच्यात चालायचं न्हाई. पाव्हणेरावळे येत्यात. आजपासून तू कमल."

राहात्यातल्या त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात, कामाच्या पहिल्याच दिवशी, आक्कांनी माझं नाव काढून घेतलं. मी "व्हय" म्हणाले. पोटाचा प्रश्न होता. हळदीकुंकवाला आलेल्या बाया माझ्या पुरणपोळ्या वाखाणायच्या. "कमल, हाताला लई चव हाय गं!" मी हसायचे. आतून जळायचे.

निलोफर हे नाव अम्मीनं ठेवलेलं. ती नेवाशाची. तिच्या वडिलांना थोडी फारसी यायची, त्यांच्याकडून तिनं ते उचललं. "पाण्यातलं निळं फूल," ती सांगायची. नवरा मला "अगं" म्हणतो, पोरगी अम्मी म्हणते. नावानं हाक मारणारी एक अम्मीच होती. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. त्यानंतर त्या नावानं कुणीच हाक मारली नाही.

मग आक्कांच्या नातीचं बारसं आलं. गुरुजींनी अक्षर काढून दिलं, न. पाळणा सजला, बाया जमल्या, पण नाव काही ठरेना. बाळाची आत्या पाळण्याशी ताटकळत उभी. नगरहून आलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम मोबाईलवर नावं शोधत होत्या.

"हे ऐका. निलोफर. फारसी नाव आहे, पण मूळ संस्कृत. नीलोत्पल, म्हणजे निळं कमळ. इथून इराणात गेलं आणि रूप बदलून परत आलं."

"अगंबाई, किती गोड!" बाया म्हणाल्या. आक्काही म्हणाल्या, "झ्याक हाय."

पहिल्या दिवशी काढून घेतलेलं हे नाव त्यांना आठवतही नव्हतं. मी घुगऱ्यांचं पातेलं घेऊन दारात उभी. कमळ! म्हणजे या बाईला माझ्या नावाचा अर्थ चालत होता. नाव चालत नव्हतं. मी चालत नव्हते.

तरी ते नाव कानावर पडलं आणि मला रडूच फुटलं. वाटलं, अम्मीनंच हाक मारली. तोंडातून निघून गेलं, "आक्का, ह्ये माझंच नाव हाय."

सगळ्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या.

"म्हंजी ही मुसलमानाची हाय?" एकीनं विचारलं आणि हातातल्या घुगऱ्या खाली ठेवल्या. मॅडम मोबाईलमध्ये बघत राहिल्या.

आक्का पाळण्याकडं वळल्या. "दुसरं बघा. असलं नगं."

आत्ता आत्ता गोड होतं. माझं निघालं आणि विटलं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून दुसरंच नाव सांगितलं. बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्या हसल्या.

"कमल, ताटं उचल."

मी पातेलं खाली ठेवलं. "कमल गेली, आक्का. निलोफर उभी हाय. सांगायचं आसंल तर तिच्या नावानं सांगा."

"माजलीस व्हय गं?"

मी चपला घातल्या. रस्ताभर रडले. अम्मीची इतकी आठवण कधीच आली नव्हती.

आता काम नाही. जिथं विचारलं तिथं नाव ऐकूनच दार लागलं. पोरगी म्हणते, "अम्मी, कमल सांग ना. काय बिघडतंय?"

काय बिघडतं ते तिला अजून कळायचंय. उद्या शिर्डीत एका हॉटेलात भांडी घासायचं काम विचारायला जाणार आहे. तिला बरोबर नेणार. तिच्यासमोर आधी नाव सांगीन, मग काम मागीन. हाकललं तर निलोफरला हाकलतील. कमलला यापुढं कुणी कामाला लावणार नाही.