व्याही बेटावर राहिले, त्याची खरी हकीकत

ही हकीकत मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे आणि तितकीच वर्षं सांगायची टाळत आलो आहे. सांगत आलो ती खोटी, टाळली ती खरी. लग्नात, बारशाला, कोजागिरीला चार माणसं जमली की कोणीतरी म्हणायचं, "काका, ते बेटाचं सांगा ना," आणि मी लगेच सुरू व्हायचो. आढेवेढे घेणं हा आमच्या शहराचा स्वभाव असला, तरी दुसऱ्याच्या फजितीला आम्ही त्यातून सूट दिलेली आहे.

परवा व्याह्यांचं तेरावं झालं. जेवणं आटोपल्यावर माझी नात तिच्या मैत्रिणीला सांगत होती, "माझे ते आजोबा इतके स्लो होते, की एकदा बोट त्यांना बेटावर सोडून निघून गेली." आजूबाजूचे हसले. तेराव्याला हसायला निमित्त हवंच असतं. पोरगी माझेच शब्द वापरत होती. "निघून गेली"च्या आधी मी जसा थांबतो तशीच थांबलीसुद्धा. म्हणून लिहायला बसलो. ती मराठी अडखळत वाचते, पण कधीतरी वाचेल.

मी कसबा पेठेतला. नोकरी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात. म्हणजे कामगार वेळेवर येतात की नाही ते बघायचं. भोंगा वाजला की फाटक बंद. एक पाय सायकलवर आणि एक जमिनीवर अशा माणसाच्या तोंडावर मी फाटक लावलेलं आहे, आणि वर "या उद्या" असंही म्हटलेलं आहे. निवृत्तीनंतर माणसं फुलझाडं लावतात. मला लावायला फाटक उरलं नव्हतं.

माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, अमरावतीकडचे. आयुष्यभर बसवर कंडक्टर होते. पत्नी वारल्यावर एकुलत्या एका मुलीकडे राहायला आले, म्हणजे खराडीला, माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये. आमच्याकडे मुलीच्या घरचं पाणीही पिऊ नये म्हणत. हे गृहस्थ पाणी भरत होते, कणीक मळत होते, दोघं ऑफिसातून आली की गरम जेवायला वाढत होते. मला हे शोभत नाही असं वाटायचं. मलाही मुलाने एकदा विचारलं होतं, "बाबा, तुम्ही दोघं इकडे राहायला या." मी म्हणालो, "खराडीत लिफ्टने उतरायचं आणि लिफ्टने चढायचं, याशिवाय करण्यासारखं काय आहे?" त्याने पुन्हा विचारलं नाही. व्याह्यांना मात्र त्याने तीनदा आग्रह केला होता असं सून सहज बोलून गेली, आणि ते मी लक्षात ठेवलं.

पहिल्या भेटीतच त्यांनी मला नोकरीच्या गोष्टी सांगितल्या. कोणी धावत येताना दिसलं की हे घंटीच मारत नसत. "म्हातारी बाई धावते जी, तिले सोडून कसं जावं?" मी म्हणालो, "गाड्या उशिरा का येतात ते आज समजलं." ते खळखळून हसले. माझे टोमणे त्यांना शाबासकीसारखे लागत. असा माणूस फार त्रासदायक असतो.

बोटीचं खूळ निघालं ते माझ्या बायकोच्या एका वाक्यातून. खराडीला टीव्हीवर कसला तरी समुद्र चालू होता. ती म्हणाली, "इतकं वय झालं, पण बोटीत काही बसले नाही."

"कसब्यात बोट येत नाही," मी म्हणालो.

 पुढच्या आठवड्यात व्याह्यांनी आख्खी बोट ठरवली होती, दिवसभरासाठी, फक्त आपली.

पुण्याला समुद्र नाही. ही उणीव आम्ही धरणांवर भागवली आहे. धरण भरलं की पाण्याबाहेर टेकड्यांचे माथे उरतात. त्यांना आम्ही बेटं म्हणतो, काठावरच्या पत्र्याच्या शेडला रिसॉर्ट म्हणतो, आणि तिथे पोचेपर्यंत जे हाल होतात त्यांना वीकेंड. मुलगा आणि सून आम्हाला घेऊन आले खरे, पण काठावर पाय ठेवताच दोघांनी लॅपटॉप उघडले. कसलंसं काम त्याच दिवशी वर चढवायचं होतं. "तुम्ही फिरून या, आम्ही इथेच आहोत," मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला. तेव्हा बोटीत आम्ही तिघंच, आणि चालवायला त्याच काठावरचा एक तरणा माणूस.

लाइफ जॅकेटं नारिंगी होती आणि त्यांना आधी बसलेल्या सगळ्या पर्यटकांचा वास येत होता. बोटवाला म्हणाला, "आमचं जुनं गाव हितंच हाय, खाली."

"म्हणजे आम्ही कसब्यात तुमचंच गाव पितो," मी म्हणालो.

गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसावं तितकं तो हसला.

पहिल्या बेटावर एक बाभूळ होती आणि तिच्याखाली वेफर्सची रिकामी पाकिटं. तिथे जेवणं झाली. मी घरून केळी नेली होती, माणशी एक. व्याह्यांनी भाकरी, झुणका, ठेचा, सांबारवडी म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, असं लग्नाच्या पंगतीला पुरेल इतकं आणलं होतं. बोटवाल्याला त्यांनी शेजारी बसवून वाढलं. स्वतः मात्र उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. "घ्या न इवाई, एक तरी घ्या," असं ते मला म्हणत राहिले. त्यांच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. मी तीन वड्या खाल्ल्या आणि मीठ कमी आहे म्हणालो.

दुसरं बेट उंच होतं. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ, वर जायला दगडी पायऱ्या. माझी बायको बोटीतूनच वर बघत बसली. तिच्या पिशवीत नारळ होता. सकाळी तो बघून मी म्हणालो होतो, "पाण्यात टाकायचाय की डोक्यात?" आता तिचे गुडघे त्या पायऱ्यांना तयार नव्हते आणि मी देवाला.

"द्या ईनबाई," व्याही म्हणाले. "तुमच्या नावानं फोडतो. जातो न येतो."

"साडेतीनला बोट सुटेल," मी जाहीर केलं. "कोणासाठी थांबणार नाही."

"थांबसान न जी," ते हसत म्हणाले. "आपलीच बोट आहे."

बायको मला म्हणाली, "अहो, तुमचा कारखाना सुटला आता."

ते चढू लागले. आम्ही दोघं बोटीत बसून बघत होतो. ती म्हणाली, "कसे भराभर चढताहेत. तुमच्याच वयाचे ना?" मी घड्याळ बघितलं. मग ती पाण्याकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी बोलले आणि कोणी ऐकलं, असं पहिल्यांदाच झालं."

हे तिने कसलाही टोमणा न मारता म्हटलं होतं. मारला असता तर मला परत देता आला असता.

माझं घड्याळ नेहमी थोडं पुढे असतं. कारखान्यातली सवय. त्यात साडेतीन झाले. बोटवाल्याच्या मोबाइलमध्ये अजून व्हायचे होते. हे नातीने नीट वाचावं, कारण इतकी वर्षं मी "पाऊण तास वाट बघितली" असं सांगत आलो आहे. व्याह्यांना उशीर झालाच नव्हता.

मी बोटवाल्याला म्हणालो, "चला."

"अहो, ते?" बायकोने विचारलं.

"ते थांबतायत. म्हणाले, तुम्ही तोवर पलीकडचं बेट बघून या."

"कधी म्हणाले?"

"मघाशी. चढताना."

 तोंडावर ऊन येऊ नये म्हणून ती पुढे तोंड करून बसली होती, तिला मागचं दिसत नव्हतं. इंजिन सुरू झालं. त्या आवाजासरशी व्याही पायऱ्यांवर दिसले. आधी चालत होते, मग धावायला लागले. पाण्यापर्यंत आले. गळ्यातला गमछा काढून दोन्ही हातांनी हलवू लागले. काही ओरडतही होते, पण इंजिनाने ते खाल्लं.

"मालक, ते हात करत्यात," बोटवाला म्हणाला.

"जा म्हणतायत," मी म्हणालो.

आणि त्याला पटावं म्हणून मी उभा राहिलो आणि व्याह्यांना हात हलवून निरोप दिला. त्यांचा गमछा हवेतच थांबला. तेवढ्या अंतरावरून माणसाचा चेहरा दिसतो.

दहा मिनिटांत परत फिरायचं, असं माझ्या मनात होतं. त्यांना एक लेट मार्क द्यायचा, बस. पण पलीकडच्या बेटाजवळ कोणाचं तरी मासेमारीचं जाळं पंख्यात अडकलं आणि इंजिन बंद पडलं. बोटवाला पाण्यात उतरून सुरीने जाळं कापत राहिला. आम्ही वाऱ्याने सरकत भलत्याच काठाला लागलो. फोनला रेंज नव्हती. बायको पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ते एकटे आहेत हो. त्यांच्या शुगरच्या गोळ्या ह्या पिशवीत आहेत." मी म्हणत होतो, "मोठा माणूस आहे. बसेल देवळात." शेवटी दुसरी बोट आली आणि आम्हाला ओढत रिसॉर्टला घेऊन गेली. तोवर ऊन गेलं होतं.

व्याह्यांना मासेमारांच्या होडीने आणलं. कमरेपर्यंत ओले होते. आमच्या मागे पाण्यात उतरले असणार, आणि त्यांना पोहता येत नव्हतं. एक चप्पल चिखलात गेली होती.  सून धावत गेली, आणि घाबरलेली मुलं आईबापांवर ओरडतात तशी ओरडली, "पप्पा, काय गरज होती मागे राहायची?"

माझी बायको म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना यांना, जाऊन या म्हणून?"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी लाइफ जॅकेटचा पट्टा सोडवत होतो. तो केव्हाच सुटलेला होता.

"हो न," ते म्हणाले. "मीच म्हटलं, जा तुम्ही. मस्त हवा होती वर."

मग त्यांनी गमछ्याची गाठ सोडली. त्यात नारळाचे तुकडे होते, कोरडे. पहिला माझ्या बायकोला दिला, दुसरा मला. मी हात पुढे केला, घेतला आणि खाल्ला.

माणसाला लाज वाटली तर तो गप्प बसतो, असं पुस्तकात असतं. मी आठवड्याच्या आत आमच्या सकाळच्या कट्ट्यावर ही गोष्ट सांगितली. हशा आला. पुढच्या खेपेला त्यात पाऊण तास आला. मग व्याही देवळात झोपलेले आले, घोरू लागले. त्यांच्या बोलीची नक्कल मी उत्तम करायचो. ते समोर असतानाही करायचो. ते सगळ्यांबरोबर हसायचे.

फक्त एक बदल झाला. ते सगळीकडे तासभर आधी पोचू लागले. लग्नात मांडव बांधणाऱ्यांबरोबर, डॉक्टरकडे दवाखाना झाडणाऱ्या बाईबरोबर. यावरही आम्ही हसलो. नात शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिला बसवरून आणायचं काम त्यांनी मागितलं. मुलगा म्हणाला, "नको पप्पा, तुम्हाला उशीर होईल, ती एकटी उभी राहील." घरकामाची बाई आणायला जायची. व्याही तिच्याआधी जाऊन स्टॉपवर बसायचे, आणि दोघींच्या मागून चालत यायचे.

बायको त्या गोष्टीला कधी हसली नाही. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "ते नक्की कधी म्हणाले होते हो? मी तर शेजारीच बसले होते."

"तुला ऐकू कमी येतं," मी म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही. पुढे मीच चारचौघांत सांगायला लागलो, की हिला ऐकू कमी येतं. तिचे कान अजून शाबूत आहेत.

व्याही शेवटच्या दुखण्यात घरीच होते. मी खराडीची बस पकडली. वाक्य तयार केलं होतं आणि सगळ्या थांब्यांवर मनात म्हणून बघत होतो. शेजारच्या पोराला वाटलं मी जप करतोय, त्याने उठून खिडकीची जागा दिली. व्याही उशीला टेकून पडले होते, अर्धे राहिले होते. खोलीत आम्ही दोघंच.

"या इवाई. जेवले काय?"

"जेवलो," मी म्हणालो. मग म्हणालो, "त्या दिवशी बेटावर…"

त्यांचे डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्यांना कळलं होतं मी कशाला आलोय. मी पुढे बोलेन म्हणून त्यांनी वाट पाहिली. ते कोणासाठीही थांबायचे. मी पलंगाची कड घट्ट धरून बसलो होतो आणि तोंड उघडत नव्हतं. तेव्हा त्यांनीच माझी सुटका केली.

"सांगा न जी ते," ते म्हणाले. "लय मस्त सांगता तुमी."

आणि मी सांगितलं. पाऊण तास, देवळातलं घोरणं, त्यांच्या बोलीची नक्कल, सगळं. ते खोकला येईपर्यंत हसले. मी त्यांना पाणी दिलं, पांघरूण सारखं केलं आणि निघालो. आठवडाभरात ते गेले.

बसमध्ये घोकलेलं वाक्य काही फार मोठं नव्हतं. व्याहीबुवा, तुम्ही थांबा म्हणत होतात, ते मला कळलं होतं. मला माफ करा.